कपिलेश्वर ते राजहंसगड : दोन रविवारांची पायपीट

दिवाळीच्या फराळाचे डबे घासून फळीवर गेले, त्या दुपारी मी कॅलेंडरचं जुनं पान उलटं टाकलं आणि त्यावर बेळगाव काढायला बसले. आधी रेल्वेची रेघ. रेघेच्या अलीकडे शहापूर, वडगाव, अनगोळ. पलीकडे जुनं गाव, किल्ला, कॅम्प. पानाच्या खालच्या टोकाला एक त्रिकोण काढला, तो राजहंसगड, येळ्ळूरजवळचा डोंगरी किल्ला. मी 34 वर्षं मराठी शाळेत भूगोल शिकवला. निवृत्तीनंतरचा हा पहिलाच हिवाळा, आणि या गावचे चढउतार आपल्या पायांनी मोजायचे असं शाळा सुटायच्या आधीपासून मनात होतं.

वाटाड्या घ्यायचा नाही, गाडी घ्यायची नाही. थांबायचं तिथं एकच प्रश्न विचारायचा : इथं पडलेलं पाणी कुठं जातं? वर्गात मुलांना कुठलाही प्रदेश समजावताना मी हाच प्रश्न आधी टाकत असे. पाण्याची वाट कळली की वस्ती कुठं बसली, तळं कुठं खणलं, शेत कुठं पिकलं हे सगळं मागोमाग कळत जातं.

सोबतीला भाची आली. ती इंजिनिअरिंगला आहे, तिच्या फोनवर किती चाललो ते कळतं. तिनं पान बघितलं आणि म्हणाली, "मावशी, एका दिवसात नाही व्हायचं हे." तिचं खरं होतं. म्हणून दोन रविवार केले. पहिल्या रविवारी शहर, दुसऱ्या रविवारी गड. पाण्याच्या दोन बाटल्या, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आलेपाकाच्या चार वड्या आणि सुती मोज्यांचा एक जादा जोड घेतला. बूट पायाला सरावलेलेच घालायचे, हे तिला दोनदा बजावलं होतं.

पहिल्या रविवारी सहाला कपिलेश्वराच्या देवळापाशी उभ्या राहिलो. दक्षिण काशी म्हणतात ते हेच. शेजारचा तलाव अजून अंधारात होता, अनंत चतुर्दशीला गावचे गणपती इथं येतात. सुरुवात इथून करायचं कारण मी भाचीला सांगितलं. स्वातंत्र्याआधी शहापूर सांगली संस्थानात होतं आणि रेल्वेपलीकडचं बेळगाव इंग्रजांकडे. माझी आजी गणपत गल्लीत मीठ-मिरची आणायला निघाली तरी "बेळगावला जाऊन येतो" असंच म्हणायची. (आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, जातो, येतो, करतो.) अंतर दीड-दोन मैलांचं, पण तिच्या बोलण्यात ते परगाव होतं. कपिलेश्वराच्या उड्डाणपुलावर चढलो तेव्हा खाली रूळ चमकत होते आणि दोन्ही गावं एकाच धुक्यात होती.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटरवर आहे, पण गावात मोठी टेकडी नाही. इथला चढ डोळ्यांना दिसत नाही, पोटऱ्यांना कळतो. सायकल चालवणाऱ्याला विचारा, कुठं पायडल जड होतं ते तो झोपेतही सांगेल. शनिवार खूट, गणपत गल्ली, खडेबाजार ही सगळी वाट दुकानं बंद असताना चालले आणि पहिल्यांदाच रस्त्याचा कल कळला. एरवी तिथं माणसांच्या खांद्यांपलीकडे काही दिसत नाही. एका बाईनं दारात सडा टाकला होता, त्याचं पाणी पूर्वेकडं ओघळत चाललं होतं. भाची म्हणाली, "हेच उत्तर ना?" तेच उत्तर. आम्हीही त्याच बाजूला वळलो.

किल्ला तलावावर सूर्य वर आला. काठावर 2018 साली उभारलेला 110 मीटर उंचीचा ध्वजस्तंभ आहे. त्याच्या पायथ्याशी मान मागं टाकून उभी राहिले आणि पुढच्या रविवारी गडावरून हा खांब शोधायचा असं ठरवलं.

किल्ल्यात आम्ही ठरवल्यापेक्षा दुप्पट वेळ घालवला आणि त्याचं मला काही वाटत नाही. बेळगावचा किल्ला भुईकोट आहे. डोंगराचा आधार नाही, म्हणून भोवती रुंद खंदक. आत शिरताना दुर्गादेवीचं देऊळ लागतं. पुढं कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज यानं ती 1204 साली बांधली. रट्टांची राजधानी आधी सौंदत्तीला होती, मग ती इथं वेणुग्रामात आली. वेणू म्हणजे बांबू, त्या नावावरूनच बेळगाव. बसदीत जाऊन मंडपाच्या मधोमध उभं राहिलं की डोक्यावर दगडाचं कमळ उमलून खाली लोंबतं. कातून गुळगुळीत केलेले काळे खांब, गाभाऱ्यात नेमिनाथ. बाहेर ऊन चढत होतं आणि आत फरशी बर्फासारखी गार. भाची फोन खिशात टाकून त्या कमळाखाली बराच वेळ नुसती उभी होती. मीही काही बोलले नाही. मी तिच्याएवढी असताना आप्पांनी मला इथंच आणून उभं केलं होतं. दगडाला पाकळी कशी फुटली असेल, एवढंच ते म्हणाले होते.

त्याच तटाच्या आत सफा मशीद आहे, आदिलशाहीतला सरदार असद खान याची. थोडं पुढं रामकृष्ण आश्रम. 1892 च्या ऑक्टोबरात विवेकानंद बेळगावात राहून गेले, शिकागोला जाण्याच्या आदल्या वर्षी. त्या मुक्कामाची आठवण आश्रमानं जपली आहे. रट्टांची बसदी, आदिलशाही मशीद, विवेकानंदांची आठवण, हे सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत. 1818 मध्ये मन्रोच्या फौजेनं वेढा घालून हा किल्ला घेतला, त्यानंतर इथं इंग्रज आला. मी तटाच्या कडेनं चालत होते आणि एक गोष्ट मनात घर करत होती. या किल्ल्यातून लांबचं काही दिसत नाही. खंदक आहे, बुरूज आहेत, पण नजर नाही. दूरचं बघायला याला कुणीतरी उंचावरचा सोबती हवा. दक्षिणेला गडाचा त्रिकोण होता, धुक्यात पुसट.

तिथून चन्नम्मा सर्कल, क्लब रोड आणि कॅम्प. कॅम्पातली झाडं इतकी जुनी आणि मोठी आहेत की साडेदहाच्या उन्हातही रस्ता सावलीत होता. इथं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. बेळगाव परिसरातल्या कितीतरी घरांत या पलटणीतला एखादा काका किंवा आजोबा फोटोच्या चौकटीत असतोच. एका वळणावर आम्ही चुकून लष्करी हद्दीच्या रस्त्याला लागलो. पहाऱ्यावरच्या जवानानं हात वर केला आणि मराठीतच सांगितलं, "मावशी, इकडनं नाही, मागं फिरून डावीकडनं जावा." आम्ही मागं फिरलो. कुणी ही वाट धरणार असेल तर एवढं लक्षात ठेवावं : कॅम्पात फलक वाचत चालायचं आणि फोटो काढायचा मोह आवरायचा.

मिलिटरी महादेवाच्या बागेत भाकरी सोडली. रविवार असल्यामुळं पोरांची झुंबड होती. देवळाची घंटा आणि पोरांचा आरडाओरडा एकमेकांत मिसळून गेला होता. पाच-दहा मिनिटं बूट काढून गवतावर पाय टाकले. भाचीचा पाय टाचेशी लाल झाला होता. बूट नवेच घालून आली होती. जादा मोजे तिथं कामाला आले.

मग काँग्रेस रोड. या रस्त्याचं नाव रोज घेतो, पण ते का पडलं हे भाचीला माहीत नव्हतं. डिसेंबर 1924 मध्ये इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले असं हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांड्यांनी राबून ते उभं केलं, विजयनगर नावाची तात्पुरती नगरी वसवली. हजारो माणसं येणार तर त्यांना पाणी कुठून द्यायचं? त्यासाठी विहीर खणली, तिला पंपा सरोवर नाव दिलं. आम्ही तिला काँग्रेस विहीर म्हणतो. वीरसौधात गांधीजींचं स्मारक आहे, फोटो आहेत, ते सगळं बघावंच. पण मला विचाराल तर त्या अधिवेशनाचं खरं स्मारक ती विहीर आहे. राजकारणाची एवढी मोठी सभा, आणि तिची पहिली चिंता पाण्याची होती. तिच्या कठड्याशी उभी राहून मी भाचीला विचारलं, "का बरं इथंच लागलं असेल पाणी?" तिनं चारी बाजूंना बघितलं, कॅम्पाकडं हात केला आणि म्हणाली, "तिकडचं मुरून इकडं येत असणार." वर्गात असं उत्तर मिळालं की मी खडू खाली ठेवत असे.

व्हॅक्सिन डेपोत शेवटचा थांबा. इंग्रजांच्या काळात इथं देवीची लस तयार व्हायची. आता टिळकवाडीची माणसं पहाटे चालायला येतात. जुन्यांच्या तोंडी अजूनही ठळकवाडी आहे, शाळेच्या नावातही. गावाच्या ऐन मध्यात एवढं मोकळं रान राहिलं आहे, झाडं आहेत, पाचोळा आहे, आणि पायाखालची जमीन लाल, भुसभुशीत. पाऊस इथं पडला की वाहून जायची घाई करत नाही. या जागेवर कुणी काही बांधायचं म्हटलं की टिळकवाडीची माणसं कळकळीनं बोलायला लागतात, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. घरी पोचलो तेव्हा फोनवर बारा किलोमीटर झाले होते.

दुसऱ्या रविवारी साडेपाचलाच निघालो. शहापूर, वडगाव, मग येळ्ळूरचा रस्ता. वडगावची शेवटची घरं सरली आणि दोन्ही बाजूंना शिवार उघडलं. सुगी चालू होती. काही वाफ्यांत भात कापून आडवं पडलं होतं, काहींत अजून उभं, दवानं वाकलेलं. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, धामणे या शिवारांत पिकणारा बेळगावी बासमती या काळात नाकाला आधी कळतो. आप्पांची दोन एकरं याच शिवारात, आता भाऊ बघतो. भात निघालं की मागं ओलीवर मसूर, वाटाणा टाकायचा. पाणी लागत नाही, जमिनीतलं पुरतं. आप्पा सकाळी बांधावर उभे राहून पहिलं दक्षिणेकडं बघायचे. "गडावर ढग बसलाय काय बघ," म्हणायचे. ढग बसला असेल तर त्या दिवशी कापणी नाही.

रस्त्यानं सरळ गेलो असतो तर बरं झालं असतं. बांधावरून आडवं गेलं की अंतर वाचेल असं मला वाटलं. पंधरा-वीस मिनिटं बांधावरून गेलो आणि बळ्ळारी नाल्याच्या काठावर वाट संपली. पलीकडं जायला काही नाही. जलपर्णीनं पाणी झाकलेलं, तिच्यात प्लास्टिक अडकलेलं, वास असा की पदर नाकाला लागला. पहिल्या रविवारी गल्लीत सड्याचं पाणी पूर्वेला ओघळताना बघितलं होतं. दक्षिण भागातल्या गटारांचं, गल्ल्यांचं पाणी शेवटी इथं येतं. वाट मोकळी नसली की पावसाळ्यात ते नाल्यात मावत नाही आणि शेतात शिरतं. ऑगस्ट 2019 मध्ये आमच्या वाफ्यात आठ दिवस पाणी उभं होतं. लावलेलं भात कुजलं. भावानं पुन्हा तरू, म्हणजे भाताची रोपं, आणून लावणी केली, ती निम्मी जगली. त्या वर्षी आई जेवताना ताटातल्या भाताकडं बघत राहायची.

नाल्याच्या अलीकडं एक काका विळा घासत बसले होते. त्यांनी आमची अवस्था बघितली.

"कुठं निघालासा?"

"गडावर, काका."

"चालत? येळ्ळूरला बस हाय की."

"चालतच जायचं ठरवलंय."

"मग इकडनं कशाला आलासा? मागं जावा, पुलावरनं वाट हाय." मग विळा खाली ठेवून म्हणाले, "पाणी बघायला आलासा काय? पावसाळ्यात या. कमरंएवढं असतंय इथं."

आम्ही मागं फिरलो. पाऊण तास गेला, पण ती चूक माझ्या वहीत मी ठळक अक्षरांत लिहिली आहे. पुन्हा हा मार्ग कुणाला दिला तर नाला त्यात मुद्दाम घालीन. गडावरून शहर सुंदर दिसतं, पण त्याआधी या काठावर पाच मिनिटं उभं राहावं.

येळ्ळूर मोठं गाव, मराठीसाठी हट्टानं उभं राहिलेलं. चांगळेश्वरीच्या देवळाबाहेरून हात जोडले, एका हॉटेलात चहा आणि गरम भजी घेतली आणि चढाला लागलो. गडावर आता डांबरी रस्ता जातो, गाड्या थेट वर पोचतात. आम्ही जमेल तिथं जुनी पायवाट धरली. पायाखाली लाल माती आणि जांभ्याचे खडे, गवत वाळून पिवळं पडलेलं. भाची पुढं. मी दर दोनशे पावलांना थांबून मागं बघत होते. आधी येळ्ळूरची कौलं दिसली, मग शिवार, मग शिवारापलीकडं शहराची धुरकट पट्टी. वर्गात समोच्च रेषा काढताना मी मुलांना सांगायचे, प्रत्येक रेघ म्हणजे एक पायरी समजा. चढताना त्या रेघा मोजत असल्यासारखं वाटत होतं.

दरवाजातून आत गेलो. बुरूज, तट, जुन्या वास्तूंचे अवशेष, विहीर, आणि सिद्धेश्वराचं देऊळ. 2023 मध्ये शिवाजी महाराजांचा भव्य पुतळा इथं उभा राहिला, त्यानंतर माणसांची ये-जा खूप वाढली. त्या दिवशीही खानापूरकडची एक सहल आली होती, पोरं घोषणा देत होती. महाराजांपुढं आम्हीही डोकं टेकलं. मग मी विहिरीकडं गेले. एवढ्या उंचीवर पाणी धरून ठेवणाऱ्या माणसांबद्दल मला सगळ्यात जास्त आदर आहे. गड कुणाच्या ताब्यात कधी होता हे पुस्तकात मिळेल, पण गडावर राहायचं तर विहीर आधी लागते. काँग्रेस विहिरीची आठवण भाचीनंच काढली.

उत्तरेच्या तटावर बसलो. धुकं विरलं होतं. समोर सगळं बेळगाव एका पसरट परातीसारखं. परातीचा अलीकडचा काठ म्हणजे आम्ही बसलो होतो तो डोंगर, मधल्या खोलगटात पिवळं भात. पूर्वेला हलग्याकडं सुवर्णसौध, कर्नाटक विधिमंडळाची इमारत, पांढरा चमकत होता, तो भाचीला लगेच सापडला. मला कॅम्पातली झाडं सापडली, शहराच्या राखाडीत हिरवा ठिपका. वायव्येला वैजनाथचा डोंगर. बेळगावला पाणी देणारं राकसकोप धरण तिकडंच, मार्कंडेय नदीवरचं. नैऋत्येला खानापूरचं रान एकावर एक निळ्या घड्या घालत गेलेलं. त्या रानात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडं वळून कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यात उतरते. एकाच रानावर पडलेल्या पावसाचे दोन थेंब दोन समुद्रांना जातात. हे मी 34 वर्षं सांगितलं होतं. तटावर बसून हातानं दाखवायची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली.

आमच्या बाजूचं पाणी मात्र सगळं पूर्वेचं. सड्याचं, तलावाचं, नाल्याचं, शेवटी कृष्णेच्या खोऱ्यातलं. शिवारातून हलगा-मच्छे बायपासची रेघ गेलेली दिसत होती, सरळ, पट्टीनं मारल्यासारखी. शेतकऱ्यांनी तिच्यासाठी जमीन देण्याला किती वर्षं विरोध केला ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. खालून जाताना तो नुसता रस्ता वाटतो. वरून बघितलं की परातीतल्या पाण्याच्या वाटेत तो आडवा पडलेला दिसतो. पाण्याला त्याखालून जायला पुरेशी जागा मिळो, एवढीच त्या सिद्धेश्वराला मागणी केली.

"मावशी, तो खांब?" भाचीनं विचारलं. आम्ही बराच वेळ शोधला. मग तिनं फोनच्या कॅमेऱ्यातून बघितलं आणि बोट दाखवलं. इमारतींच्या मागं उभी, केसाएवढी बारीक रेघ. तिथंच कुठंतरी झाडांमागं तो भुईकोट, ज्याला लांबचं दिसत नाही. गेल्या रविवारी त्याला हवा होता तो सोबती आता आमच्या पायाखाली होता.

आमचं शेत मला सापडलं नाही. वाफे सगळे सारखेच पिवळे. मी भावाला फोन लावला. तो खळ्यावर होता, मळणीच्या यंत्राचा आवाज येत होता. म्हटलं, विहिरीजवळ उभा राहून कायतरी हलव बघू. तो हसला, पण थोड्या वेळानं खरंच निळी ताडपत्री दोन्ही हातांनी वर धरून हलवली. भाचीला दिसली, मग मलाही.

"दिसलो काय?" तो ओरडून विचारत होता.

"दिसलास."

"ढग हाय काय तिकडं?"

मी वर बघितलं. आभाळ लख्ख होतं. "नाही रे," म्हटलं, "मळून घे आज."

भाकरी सिद्धेश्वराच्या पारावर बसून खाल्ली. उतरताना भाचीची टाच पुन्हा दुखायला लागली, म्हणून येळ्ळूरहून बस धरली. खिडकीतून नाला एकदा दिसला. घरी आल्यावर कॅलेंडरचं दुसरं पान काढलं आहे. त्यावर वैजनाथचा डोंगर आणि राकसकोप काढून झाले आहेत, मधली वाट देवरवाडीच्या माणसांना विचारून भरायची आहे.